सत्तरीतल्या विहिरींचं पाणी जागेवरच तपासायचंय, स्वस्तात काय जमेल?

वाळपई_वाटाड्या

नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडा आत. नळ सगळ्यांकडे आहे, नाही असं नाही, पण एप्रिल-मे आला की नळाला दम राहत नाही आणि मग सगळे परत आपापल्या बांयीवर, म्हणजे विहिरीवर. पूर्वी वाड्यावर मोजकी घरं होती, आता भावाभावांनी वेगळी घरं बांधली, प्रत्येक घरामागे संडासाची टाकी आणि सोक पिट (शोषखड्डा), आणि जमीन सगळी जांभ्याची, म्हणजे वरून ओतलेलं खाली कुठे जातं ते सांगायला नको. डोंगराच्या अंगाला बंद पडलेल्या खाणीचा खड्डा आहे तो पाण्याने भरलेला.

तक्रारी पण वेगवेगळ्या. वरच्या टोकाला पाऊस सुरू झाला की विहिरीचं पाणी लालसर येतं. मधल्या काही घरांत बेसिनला नळाखाली निळसर हिरवे डाग पडतात, घासून जात नाहीत. आणि खालच्या अंगाला पोरांची पोटं सारखी बिघडतात, आता ती पाण्याने बिघडतात की गाड्यावरच्या रॉस ऑम्लेटने हे कोण सांगणार.

लॅबला सँपल देता येतं ते माहीत आहे, दिलेलं पण आहे. पण तो रिपोर्ट त्या एका दिवसाचा, आणि आम्हाला पाहिजे वर्षभर काय होतंय ते. सरकारच्या जल जीवन योजनेतलं पाणी तपासायचं फिल्ड किट गावात आलेलं, बायकांना ट्रेनिंग पण दिलेलं, पण अर्धी केमिकलं एक्सपायर झाली आणि किट कपाटात गेलं ते गेलंच.

तर विचार असा आहे की हायर सेकंडरीच्या पोरांना घेऊन आपणच काहीतरी बनवायचं. यूट्यूबवर बघितलं, ईएसपी३२ नावाचा छोटा कंप्युटर-बोर्ड घ्यायचा, त्याला पीएच (आम्लपणा), टीडीएस (विरघळलेले क्षार), गढूळपणा असे सेन्सर लावायचे, विहिरीत सोडायचं, मोबाईलवर आकडे. बजेट म्हणाल तर सगळं मिळून पाच-सहा हजार, वर्गणी काढून. हे जमण्यासारखं आहे का? आर्सेनिक फ्लोराइड पण बघावं का? कोणी केलं असेल तर सांगा.


झटपट_बार्देश

एवढं कशाला? दोनशे-तीनशेचा टीडीएस मीटर मिळतो ऑनलाइन, बुडवला की आकडा. आमच्याकडे विहिरीचं पाणी ४० दाखवतं, बिसलरीपेक्षा चांगलं. पियो और जियो.


टेस्टर_आबा

बार्देशकर बाब, तो ४० चा आकडा बघून पाणी चांगलं म्हणू नका हो, हात जोडतो. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून करंट किती जातो ते बघतो आणि त्याला एका ठोकळ फॅक्टरने गुणतो, कुठल्या कंपनीचा ०.५ तर कुठल्याचा ०.७, म्हणून दोन मीटर दोन आकडे दाखवतात आणि लोक भांडतात. गोव्यात जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं, कारण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जांभ्यातलं विरघळण्यासारखं होतं ते लाखो वर्षांत धुऊन गेलंय. त्यामुळे सोक पिटचं पाणी विहिरीत उतरत असलं तरी टीडीएस ४० चा ७० होईल, आणि भारतीय मानक म्हणतं ५०० पर्यंत हरकत नाही. मीटर हिरवाच. जंतू त्यात दिसतच नाहीत.

आता वाटाड्या बाब, तुमच्याकडे वळतो. माझी सगळी नोकरी प्लांटमधल्या इन्स्ट्रुमेंटवर गेली, त्यातलं जे पाण्याला लागू पडतं ते सांगतो, जरा लांबेल.

विहिरीत सोडून ठेवायचं यंत्र ही कल्पना ऐकायला छान, पण पहिल्यांदा ती डोक्यातून काढा. पीएचचा काचेचा प्रोब सतत पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत सरकायला लागतो, त्यावर शेवाळ आणि लोखंडाचा लाल थर बसतो, आणि मग आकडा येत राहतो पण तो पाण्याचा नसतो, थराचा असतो. गढूळपणाचा जो स्वस्त सेन्सर व्हिडिओत दिसतो तो वॉशिंग मशीनसाठी बनवलेला प्रकार, साबणाचं पाणी किती घाण झालं ते बघायला. आपल्याला पिण्याच्या पाण्यात १ ते ५ एनटीयू (गढूळपणाचं एकक) मधला फरक पाहिजे, तो त्याला कळत नाही. पैसे वाया.

कंडक्टिव्हिटी म्हणजे ईसी (पाण्यातून करंट किती सहज जातो ते) मात्र घरी बनवण्यासारखं आहे आणि टिकतं पण. टीडीएसच्या गुणाकारात न जाता सरळ ईसी लिहा, मायक्रोसिमेन्स मध्ये. दोन स्टेनलेसचे बोल्ट, ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, नाहीतर जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, पीव्हीसीच्या तुकड्यात एपॉक्सीने पक्क्या करायच्या, मधलं अंतर हलता कामा नये. त्यांना डीसी देऊ नका. डीसी दिला की इलेक्ट्रोडवर बुडबुडे आणि थर जमतो, रीडिंग बघता बघता घसरतं. ईएसपीच्या दोन पिना आळीपाळीने हाय-लो करायच्या, की झाला गरिबाचा एसी. त्याच्याबरोबर सिरीजमध्ये एक रेझिस्टर आणि मधला व्होल्टेज मोजायचा. ईएसपी३२ चं स्वतःचं एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वाकडं आहे, टोकांना तर भरवशाचंच नाही, म्हणून एडीएस१११५ नावाचं छोटं मोड्यूल घ्या.

रेझिस्टर कुठला हे पाण्यावर ठरतं आणि इथेच यूट्यूबवाले गंडवतात, त्यांचं सर्किट दिल्ली-राजस्थानच्या खाऱ्या पाण्यासाठी असतं. तुमच्या सत्तरीत ईसी १०० धरा, सेल कॉन्स्टंट (बोल्टांचा आकार आणि अंतर यावरून ठरणारा आकडा) १ असेल तर पाण्याचा रेझिस्टन्स होतो १० हजार ओहम. मग रेझिस्टर पण १० के (१० हजार ओहम) च्या जवळपासचा पाहिजे तरच फरक नीट दिसतो. तिथे ५०० ओहम लावलात तर सगळ्या विहिरी सारख्याच दिसतील.

आणि तापमान. ईसी एका डिग्रीला साधारण २ टक्के वाढतं. विहिरीतून काढल्या काढल्या पाणी २७-२८ डिग्री, तेच बादलीत उन्हात राहिलं आणि ३३ झालं तर आकडा दहा टक्क्यांनी आपोआप वाढला, आणि तुम्ही म्हणाल प्रदूषण वाढलं. डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ सेन्सर स्वस्तात मिळतो, तो त्याच पीव्हीसीत बसवा आणि सगळं २५ डिग्रीवर आणून लिहा.


रसायन_ताई

आबांनी लिहिलंय त्याला माझं अनुमोदन, मी केमिस्ट्री शिकवते फोंड्याकडे. थोडं माझ्या बाजूने.

कॅलिब्रेशन शाळेच्या लॅबमध्येच होईल. पोटॅशियम क्लोराइड ०.७४५६ ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात, २५ डिग्रीला ईसी १४१३ यायला पाहिजे. पण तुमचं पाणी शंभराच्या आसपास, तर १४१३ वर सेट करून शंभर मोजणं बरोबर नाही, म्हणून तेच द्रावण दहा पट पातळ करा, ते येतं १४७. दोन्हीवर तपासा. बाटलीवर तारीख लिहा, उघडी ठेवू नका, आणि पोरांना सांगा वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. हे सांगूनसुद्धा ओततात.

निळसर हिरवे डाग वाचल्यावर मला लगेच कळलं. ते तांबं आहे. तुमच्या विहिरीचं पाणी आम्लधर्मी आहे, गोव्यात जांभ्याच्या विहिरींत पीएच साडेपाच-सहा ही नवलाची गोष्ट नाही, मानक म्हणतं साडेसहा ते साडेआठ. असलं पाणी तांब्या-पितळेच्या फिटिंगला हळूहळू खातं आणि ते बेसिनवर उतरतं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल तर जस्त. सकाळी पहिलं पाणी थोडं सोडून द्या आणि मग भरा, एवढं त्या घरांना आजच सांगा.

पीएच जागेवरच का मोजायचा ते पण सांगते, कारण तुमचा मूळ प्रश्न जागेवर मोजायचाच आहे ना. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पाणी वर काढलं, बाटलीत हललं, गाडीतून पणजीला गेलं, की तो उडून जातो आणि पीएच वर चढतो. विहिरीवर ५.६ असलेलं पाणी लॅबच्या टेबलावर ६.४ दाखवू शकतं आणि यात कोणी खोटं बोलत नसतं. लोखंडाचं पण तसंच, विरघळलेलं लोखंड हवा लागली की तळाशी लाल होऊन बसतं आणि वरचं पाणी तपासलं तर रिपोर्ट छान.

पीएचच्या कागदी पट्ट्या आपल्याकडे चालत नाहीत. इतक्या हलक्या पाण्यात पट्टीवरचा रंगच पाण्याचा पीएच बदलतो. पेन मीटर घ्या, ज्याचा प्रोब बदलता येतो असा, आणि तो हलक्या पाण्यात स्थिर व्हायला चार-पाच मिनिटं घेतो, पोरं दहा सेकंदात आकडा लिहून मोकळी होतात तसं करू नका. प्रोब ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा, डिस्टिल्ड पाण्यात नाही, डिस्टिल्ड पाण्यात ठेवून किती प्रोब मेलेत त्याची मोजदाद नाही. कॅलिब्रेशनला बफर (ठराविक पीएचचं द्रावण) ४ आणि ७ चा, कारण तुमचं पाणी त्या दोघांच्या मध्ये आहे, ९.२ ची गोळी राहू दे डब्यात.

आता सोक पिटचं. इथे माझी आवडती टेस्ट म्हणजे क्लोराइड. माणसाच्या मुताबरोबर मीठ बाहेर पडतं, आणि क्लोराइड जमिनीत अडकत नाही, सडत नाही, रूप बदलत नाही. समुद्रापासून लांब असलेल्या तुमच्या गावात रानातल्या झरीचं क्लोराइड किती आणि वाड्यातल्या विहिरीचं किती, एवढा फरक बघितला तरी बरंच कळतं. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, बारावीच्या पोरांना हातचा मळ. ०.०१४१ नॉर्मल द्रावण, ५० मिली पाणी, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की पिवळं, आणि विटकरी छटा आली की थांबायचं. एक मिली लागलं म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम क्लोराइड. ब्युरेट विहिरीवर न्यायला नको, एक मिलीची इन्सुलिन सिरिंज पुरते.

एक गोम आहे त्यात. ही टेस्ट आम्लात चुकते, पीएच साडेसहाच्या वर लागतो, आणि आपलं पाणी साडेपाच. पुस्तकात तळटिपेत असतं ते, कोणी वाचत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका आधी, मग करा. क्रोमेट विषारी आहे, विहिरीच्या कठड्यावर सांडू नका, वापरलेलं सगळं बाटलीत भरून कॉलेजला परत.


वाळपई_वाटाड्या

ताई, आबा, देव बरें करूं. एवढं कोणी सांगितलं नव्हतं. ते निळ्या डागाचं मी आत्ताच घरोघरी सांगतो.

दोन शंका. नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात त्या चालतील का, आणि लाल पाण्याचं काय? खाणीमुळे म्हणतात सगळे पण खात्री कशी करायची? खाण तर २०१८ पासून बंद आहे.


रसायन_ताई

नायट्रेटच्या पट्ट्या चालतात, आकड्यासाठी नाही पण आहे-नाही-बरंच आहे एवढ्यासाठी. फक्त डबीवर बघा काय लिहिलंय, नायट्रेट की नायट्रेट नायट्रोजन. आपलं मानक आहे नायट्रेट म्हणून ४५. बाहेरच्या पट्ट्या बहुतेक नायट्रोजन म्हणून दाखवतात, तिथला १० म्हणजे आपला ४४. कोणी पट्टीवर २० बघून ४५ च्या आत आहे म्हणून खूश होतो आणि प्रत्यक्षात ते ८८ असतं. रंग फोनने फोटो काढून वाचायची ॲप पण आहेत, पण फोटो एकाच डब्यात, एकाच एलईडीखाली काढा. चिऱ्याच्या भिंतीचा लालसर उजेड पडला तरी गुलाबी रंग बदलतो.

लाल पाण्यासाठी यंत्र नको. काचेच्या बाटलीत भरा आणि बघा. काढतानाच लाल असेल आणि सकाळपर्यंत तळाशी गाळ बसून वर स्वच्छ झालं तर ती माती आहे, डंपावरून (खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगावरून) किंवा रस्त्यावरून पावसाने वाहून आलेली, आणि मग विहिरीचा कठडा, बाजूची गटारं हे बघायचं. काढताना स्वच्छ आणि तासा-दोन तासांत पिवळं-लाल होत गेलं तर लोखंड पाण्यात विरघळलेलं आहे, ते खालून येतंय. दोन्हींचा उपाय वेगळा. खाण बंद झाली म्हणून डंप कुठे गेला नाही, तो आहे तिथेच आहे. आणि खाणीच्या पट्ट्यात लोखंडापेक्षा मला मँगनीजची जास्त काळजी वाटते, त्याचं मानक ०.१ आणि ते घरगुती पद्धतीने नीट मोजता येत नाही. ते वर्षातून एकदा लॅबमध्येच.

आर्सेनिक फ्लोराइड पण त्याच वेळी एकदा करून घ्या आणि विषय संपवा. आर्सेनिक हे गंगेच्या खोऱ्यातलं, बंगाल-बिहारचं दुखणं, फ्लोराइड म्हणाल तर यवतमाळ-चंद्रपूरकडचं. त्यासाठी यंत्र बनवण्यात पोरांचं वर्ष घालवू नका.


हरमल_किनारा

मी पेडण्यातून, समुद्राकडचा. आमच्याकडे उलटी गोष्ट आहे, आम्हाला पीएच-बीएच काही नको, ईसी एके ईसी. पूर्वी आजीच्या विहिरीला मे मध्ये पण गोडं पाणी, आता आजूबाजूला गेस्ट हाऊसं झाली, प्रत्येकाचा पंप, वर टँकरवाले, आणि मार्चनंतर चहा फाटतो.

कोणीतरी मला समजावलेलं ते सांगतो. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी एक मीटर वर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं. म्हणजे उपसून उपसून वरची पातळी एक हात खाली नेली तर खालून खारं चाळीस हात वर येतं. म्हणून आमच्याकडे नुसतं ईसी लिहून भागत नाही, पाण्याची पातळी पण लिहावी लागते, आणि भरती-ओहोटी. खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) कडेची विहीर असेल तर मानशीचं (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार नीट लागतंय की नाही यावर पण ईसी नाचतं, ते दार सडलं की खाजनात खारं पाणी राहतं आणि बाजूच्या विहिरींना कळतं.

आम्ही पातळीसाठी काय केलं तर दोरीला शिसं बांधलं, दर मीटरला गाठ, कठड्यावर रंगाने खूण की इथूनच मोजायचं. अल्ट्रासोनिक सेन्सर लावून बघितलेला एका पोराने, पण विहिरीत झाडं उगवलेली असतात भिंतीला, दोर असतो, बादली असते, सेन्सर त्यांनाच पाणी समजतो. पावसाळ्यात तर आत दव धरलं आणि गप्पच झाला.

आबा, आमच्याकडे रेझिस्टर कितीचा लावायचा?


टेस्टर_आबा

हरमलकर, तुमचं ईसी हजारात जातं ना, मग एक के आणि शंभर ओहम असे दोन ठेवा आणि स्विचने बदला. समुद्राचं पाणी पन्नास हजारच्या आसपास असतं, तिथपर्यंत तुम्हाला जायचंच नाही.

आणि तुमचा शिशाचा दोर मला आवडला. बिघडत नाही.


ईएसपी_पोरगा

आबा मी इंजिनिअरिंगला आहे फर्मागुढीला, एक बोलू का राग मानू नका. तुम्ही सगळे मॅन्युअलच्या मागे लागलाय पण सतत रीडिंगला काहीच अर्थ नाही असं कसं? पहिल्या पावसात तासाभरात ईसी खाली येतं की वर जातं, हे आठवड्यातून एकदा जाऊन बघणाऱ्याला कधीच कळणार नाही. पाऊस पडला आणि ईसी लगेच पडलं म्हणजे पावसाचं पाणी थेट आत येतंय, म्हणजे कठडा नाहीतर वरची भिंत फुटलीय. आणि लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवरचा रेडिओ) मोड्यूलने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये लायसन्सशिवाय पाठवता येतं, सिम नको, सत्तरीत रेंज कुठे असते तशी पण. पीएच नको मान्य, पण ईसी, तापमान आणि पातळीसाठी प्रेशर सेन्सर असा एक नग बनवून एका विहिरीत ठेवायला काय हरकत आहे?


टेस्टर_आबा

राग कशाला. एका विहिरीत ठेवायला हरकत नाहीच, आणि पहिल्या पावसाचा तुझा मुद्दा पटला. माझा विरोध सगळ्या विहिरींत सोडून घरी मोबाईल बघत बसण्याला आहे. तू जो नग ठेवशील तो पंधरा दिवसांनी वर काढून मऊ ब्रशने बोल्ट घासायचे, १४७ च्या द्रावणात बुडवून आकडा बघायचा, आणि तो आकडा घासायच्या आधी आणि नंतर असा दोनदा लिहायचा. आधीचा जास्तच चुकला तर मधल्या पंधरा दिवसांचं रीडिंग फुकट समजायचं. हे करायला कोण जाणार ते नाव आधी ठरव, मग सोल्डरिंग गन हातात घे. डबा बंद करताना आत सिलिका जेल टाक, आणि वायर वरून न आणता खालून आण, पाणी वायरीवरून ओघळत आत शिरतं.


लॅबवाली_म्हापसा

सगळं वाचलं, छान चाललंय, पण पोरांची पोटं बिघडतात त्याला अजून कोणी हात घातला नाही. ईसी, पीएच, क्लोराइड, लोखंड, यातलं काहीही आज रात्री कोणाला हॉस्पिटलात पोचवत नाही. जंतू पोचवतात.

त्यासाठी एच२एस (हायड्रोजन सल्फाइड) टेस्टची बाटली घ्या. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधनवाल्या लोकांनी ही पद्धत काढली, तेव्हापासून जगभर वापरतात. छोट्या निर्जंतुक बाटलीत सुकवलेली पट्टी किंवा पावडर असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातच उबदार जागी ठेवायची, गोव्यात आपल्याला इन्क्युबेटरची गरज पडत नाही बहुतेक वेळा, ३० डिग्री असतंच. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर विष्ठेशी संबंध असलेले जंतू असण्याची दाट शक्यता. किती आहेत ते नाही कळत. आणि कधी कधी जमिनीतले सल्फेटवर जगणारे जंतू पण काळं करतात, विशेषतः खाजनाकडे, म्हणून हरमलकर तुमच्याकडे काळी आली तर लगेच घाबरून विहीर बुजवू नका, लॅबमधून ई-कोलाय करून घ्या. मानक साधं आहे, १०० मिलीत एकही नको.

बाटली भरताना हात. मी सगळ्यात जास्त यावरच चिडते. झाकण खाली जमिनीवर ठेवतात, बाटली विसळून घेतात, विसळली की पट्टी गेली ना. नळाचं किंवा ब्लीचिंग घातलेलं पाणी असेल तर क्लोरिन मारायला थायोसल्फेट घातलेली बाटली लागते, नाहीतर जंतू बाटलीतच मरतात आणि रिपोर्ट क्लीन. काळी झालेली बाटली तशीच कचऱ्यात टाकू नका, आत ब्लीचिंगचं घट्ट पाणी ओतून ठेवा, मग टाका.

आणि कधी तपासायचं हे ठरवा. केंद्रीय भूजल मंडळ पाण्याची पातळी वर्षातून चारदा बघतं पण गुणवत्तेचं सँपल पूर्वापार पावसाच्या आधी, उन्हाळ्यात घेत आलंय. खाऱ्यासाठी ते बरोबरच आहे, मे मध्येच खारं जास्त. पण जंतू जून-जुलैमध्ये येतात, पहिल्या जोरदार पावसानंतर, जेव्हा सोक पिट भरून वाहतं आणि भूजल वर येऊन त्याला भिडतं. तुमच्याकडे मे मधला क्लीन रिपोर्ट असेल तर चतुर्थीच्या आधी एकदा बाटल्या लावाच, चतुर्थीला मुंबईची, परदेशची सगळी माणसं घरी येतात आणि सगळे बांयीचंच पाणी पितात.

काळी आली तर तोपर्यंत उकळून प्या, आणि विहिरीत ब्लीचिंग, चांगल्या दर्जाची पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. पाणी आम्लधर्मी असेल तर क्लोरिन उलट चांगलं काम करतं, तेवढाच एक फायदा तुमच्या जांभ्याचा.


झटपट_बार्देश

बरं बाबा, मान्य. मग तो फिल्टर विकणारा माणूस घरी येऊन दोन वायरी बुडवून दाखवतो, आमच्या पाण्यात काळा-तपकिरी गाळ येतो आणि त्याच्या फिल्टरच्या पाण्यात येत नाही, ते काय असतं? माझ्या शेजाऱ्याने त्यावर अठरा हजार दिले.


टेस्टर_आबा

एक कांडी लोखंडाची असते. करंट गेला की लोखंडच विरघळतं, गाळ कांडीचा, पाण्याचा नाही. फिल्टरच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून करंट जात नाही आणि गाळ येत नाही. शेजाऱ्याच्या फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्याच माणसाला परत वायरी बुडवायला सांगा, मजा येईल.


वाळपई_वाटाड्या

तर मी असं धरतो. आबांचा ईसीचा नग आम्ही बनवतो, तो हातात घेऊन फिरायचा, दर रविवारी. पीएच पेन एक. क्लोराइड आणि नायट्रेट महिन्याला एकदा, ताईंच्या पद्धतीने, आणि तुलनेसाठी वरच्या रानातली झर. बाटल्या जून-जुलैला आणि कोणी आजारी पडलं की. एक नग कायमचा ठेवायचा तो खालच्या विहिरीत, पोरग्याने मदत केली तर. बजेट थोडं वर जातंय बाटल्यांमुळे, बघू.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही ती ही की आकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे का. एका काकांची टाकी आणि चुलत भावाची विहीर, मध्ये दहा पावलं, दोघांचं आधीच कोर्टात चाललंय. क्लोराइड जास्त आलं की त्याचा कागद वकिलाकडेच जाणार.


लॅबवाली_म्हापसा

बाटली काळी आली तर त्या घराला त्याच दिवशी सांगा, घरात जाऊन, ग्रुपवर नाही. पिणाऱ्याला कळलंच पाहिजे, त्यात भीड नको. बाकीच्या आकड्यांना घराचं नाव न देता विहिरीला नंबर द्या.


रसायन_ताई

नंबर दिला तरी दहा घरांच्या वाड्यावर सगळ्यांना कळतंच गं कुठली कोणाची. मी उलट म्हणेन, सुरुवातीलाच सगळ्या घरांना बोलवा आणि त्यांच्यासमोर मोजा, पहिली विहीर स्वतःची. आणि तुमच्या टायट्रेशनचा आकडा कोर्टात टिकत नाही हे पण तेव्हाच सांगून टाका, कोर्टाला मान्यताप्राप्त लॅबचा लागतो. त्याने भांडण थांबणार नाही, पण तुमची सिरिंज त्यातून सुटेल.


ईएसपी_पोरगा

वाटाड्या दादा मी येतो, चवथीच्या सुट्टीआधी एक नग करून देतो, प्रेशर सेन्सर माझ्याकडे प्रोजेक्टमधला पडलाय. आबा तो १० के चा रेझिस्टर एक टक्केवाला घेऊ की पाच चालेल?


टेस्टर_आबा

टक्क्याचं एवढं काही नाही, कॅलिब्रेशनमध्ये तो फरक निघून जातो. मेटल फिल्मचा घे, कार्बनचा उन्हात तापला की सरकतो आणि तुमचा डबा कठड्यावर उन्हातच असणार. बोल्ट मात्र हार्डवेअरवाल्याकडे चुंबक लावून बघ, जोरात चिकटला तर तो ३१६ नाही, तो परत दे. माझ्याकडे दोन-चार जोड्या आहेत जुन्या, पाहिजे तर मेसेज कर.